दुसऱ्या डॉक्टरांना विचारावे का?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाला व्यासपीठावरून काहीतरी गोड, प्रसन्न बोलावे असा आपल्याकडे रिवाज आहे. चिटणीसबाईंनी मलाही तसेच सुचवले होते. "संसारातील काटकसरीवर बोला, तुमचा हात त्यात चांगला आहे," असे त्या म्हणाल्या. परंतु मी हट्टाने आजचा विषय मागून घेतला. मागच्याच्या मागच्या संक्रांतीला हळदीकुंकवाच्या वेळी याच सभागृहात मी आपणांस माझ्या आजारपणाची एक गोष्ट सांगितली होती. आपण ती कौतुकाने ऐकली, टाळ्याही वाजवल्या. ती गोष्ट खरी होती, पण अर्धी होती. आणि अर्ध्या गोष्टीने काय होते ते मी नंतर डोळ्यांनी पाहिले. म्हणून आज ती पुरी करायला उभी आहे.

ज्या भगिनी त्या दिवशी नव्हत्या त्यांच्यासाठी आरंभापासून सांगते.

तीन वर्षांपूर्वी मला सेहेचाळिसावे चालू होते. पाळी आठ-आठ, दहा-दहा दिवस टिकू लागली होती. रक्ताच्या गाठी पडत. गडद रंगाची साडी नेसून, खाली दुहेरी कपडा घालून मी लग्नाकार्यांत मिरवून आले आणि कोणाला पत्ता लागू दिला नाही. आपल्या भाषेत यासाठी फार नेमका शब्द आहे : मी दुखणे अंगावर काढले. चाळिशी उलटली की असे व्हायचेच, आईचेही असेच झाले होते, अशी मी मनाची समजूत घातली होती. शेवटी एक दिवस गणपतीच्या देवळाच्या पायऱ्या चढताना घेरी येऊन मटकन खाली बसले, तेव्हा धाकटी लेक मला धरून दवाखान्यात घेऊन गेली.

आमच्या डॉक्टरीणबाई जुन्या, विश्वासाच्या. माझ्या दोन्ही मुलींचे जन्म त्यांच्या हातचे. धाकटीच्या वेळी रात्री दोन वाजता, भर पावसात त्या धावून आल्या होत्या. त्यांनी रक्त तपासले, हिमोग्लोबिन ७.८ निघाले. सोनोग्राफीत गर्भाशयावर चार सेंटिमीटरची गाठ दिसली. त्या म्हणाल्या, "मुले झाली, आता पिशवीचे काम संपले. काढून टाकू या, म्हणजे कटकट मिटेल. पुढे काही वेडेवाकडे निघाले तर? पुढच्या आठवड्यात दिवस धरते."

घरी आले. हे म्हणाले, "डॉक्टर म्हणतात तर करून टाक, माझी ना नाही." सासूबाई म्हणाल्या, "आमच्या वेळी हे असले काही नव्हते." शेजारच्या तिघींनी पिशवी काढलेली होती. त्यांतली एक म्हणाली, "मी तर मोकळी झाले बाई". दुसरी म्हणाली, "तेव्हापासून कंबर धरली आहे ती धरलीच आहे". तिसरी काही बोलली नाही, नुसती माझ्याकडे पाहत राहिली. त्या न बोललेल्या बाईचेच मला रात्रभर आठवत होते.

दुसऱ्या डॉक्टरांना विचारावे असे तेव्हाच मनात आले. आले आणि मी ते दडपले. का दडपले याचा मी पुढे पुष्कळ विचार केला. तीन कारणे सापडली, ती आपणांस ओळखीची वाटतील.

पहिले कारण भिडेचे. ज्या बाईंनी रात्री-अपरात्री धावून येऊन आपला जीव राखला, त्यांना कळले तर काय वाटेल? दुसरे कारण लाजेचे. एकदा सगळे सांगून झाले, तपासूनही झाले. आता पुन्हा परक्या माणसापुढे तेच सांगायचे, तशीच तपासणी करून घ्यायची! तिसरे कारण खर्चाचे. घरात कोणी पैशाला नाही म्हणाले नव्हते, पण स्वतःच्या दुखण्यावर एकाच गोष्टीसाठी दोनदा खर्च करायची आपल्याला सवयच नसते. लेकीच्या लग्नाचे पाटल्यांचे जोड घेताना मी तीन सराफांची दुकाने पालथी घातली होती. तेव्हा पहिल्या सराफाला काय वाटेल हा विचार माझ्या मनाला शिवलाही नव्हता.

मग बेत बदलला कसा? शस्त्रक्रियेच्या आधी कागद भरायला गेले. संमतिपत्र इंग्रजीत होते. लेकीने वाचता वाचता विचारले, "आई, यात गर्भाशय आणि दोन्ही अंडाशय असे लिहिले आहे. दोन्ही अंडाशयसुद्धा?" तिथल्या परिचारिका सहज म्हणाल्या, "सगळे एकदमच काढतात की, परत कशाला पोट उघडायचे?" भगिनींनो, माझ्या अंगातून काय काय जाणार आहे हे मला त्या टेबलापाशी, सही करायच्या वेळी कळले. ते बरोबर आहे की चूक, हे मला ठाऊक नव्हते. मला विचारलेले नाही, एवढेच ठाऊक होते. आणि मीही विचारलेले नाही, हेही त्याच क्षणी कळले. मी सही न करता उठले.

डॉक्टरीणबाईंच्या खोलीत गेले. शब्द फुटेना. कसेबसे म्हटले, "बाई, राग मानू नका. तुमच्यावर माझा भरवसा आहे, पण माझ्या मनाची तयारी होत नाही. मिरजेला एकदा दाखवून येऊ का? माझे कागद द्याल का?" त्या क्षणभर गप्प झाल्या. त्यांना लागले असावे, मी खोटे कशाला सांगू? पण मग त्यांनी फाईल पुढे सरकवली आणि म्हणाल्या, "जा. मात्र रक्तवाढीच्या गोळ्या आजपासून सुरू करा, आणि महिना लावू नका." ज्या गोष्टीला मी पंधरा दिवस भीत होते, ती दोन मिनिटांत झाली.

मिरजेच्या डॉक्टरांनी आधी अर्धा तास नुसते प्रश्न विचारले. दिवसाला किती पॅड भिजतात, मध्येच रक्त जाते का, थायरॉइड कधी तपासले का, घरात कोणाला स्तनाचा किंवा अंडाशयाचा कर्करोग झाला होता का. मग त्यांनी मला जे समजावून सांगितले ते मी घरी येऊन वहीत उतरवून ठेवले, त्यातलेच सांगते.

त्या म्हणाल्या, गर्भाशयातल्या अशा गाठी, ज्यांना फायब्रॉइड म्हणतात, फार जणींना असतात. पन्नाशीपर्यंत पुष्कळ स्त्रियांना एखादी तरी होते आणि कित्येकींना ती असल्याचे कळतही नाही. त्या बहुतेक सगळ्या निरुपद्रवी असतात, कर्करोगाची निघणे फार विरळ, आणि पाळी गेल्यावर त्या सहसा आकसतात. गाठ आहे म्हणून पिशवी काढायची असे नसते. त्रास किती आहे आणि गाठ नेमकी कुठे आहे, यावर ते ठरते. माझी गाठ गर्भाशयाच्या बाहेरच्या अंगाला होती. तशी गाठ असली तर रक्तस्राव तिच्यामुळेच आहे असे धरून चालता येत नाही. दुसरे कारणही शोधावे लागते. आणि वय पंचेचाळिसाच्या पुढे असताना पाळी अशी बिघडली, तर गर्भाशयाच्या आतल्या अस्तराचा तुकडा तपासून घेणे आवश्यक असते. ती तपासणी माझी झालीच नव्हती. त्यांनी ती केली, थायरॉइडही तपासले. तुकड्यात काही वाईट निघाले नाही. थायरॉइड मात्र मंदावलेले निघाले. त्यानेही पाळी जास्त जाते.

अंडाशयांविषयी मी विचारले. त्या म्हणाल्या, "ते निरोगी असतील आणि पाळी चालू असेल, तर सबळ कारण असल्याशिवाय काढू नयेत. काढले की पाळी एका दिवसात जाते. अंगातून वाफा, झोप उडणे, हाडे ठिसूळ होणे हे लवकर मागे लागते; हृदयालाही ते सोसत नाही. घराण्यात त्या कर्करोगाचा इतिहास असेल तर गोष्ट वेगळी."

मग त्यांनी माझ्यापुढे वाटा मांडल्या : पाळीच्या दिवसांत रक्त कमी करणाऱ्या गोळ्या, हार्मोनच्या गोळ्या, गर्भाशयात बसवायची हार्मोनची तांबी, जी पाच वर्षे आणि त्याहूनही अधिक काम करते, आणि शेवटी शस्त्रक्रिया. मी विचारले, "म्हणजे आमच्या डॉक्टरीणबाईंचे चुकले का?" त्यांनी मान हलवली. "चुकले असे मी म्हणणार नाही. तुमचे रक्त इतके उतरले होते की त्यांना काळजी वाटली. पिशवी काढणे हा उपाय आहेच; पण तो शेवटच्या पायरीचा आहे. पहिल्याच पायरीवर तो करायचा का, हे ठरवण्याचा हक्क तुमचा."

मी तांबी बसवून घेतली. पहिले चार महिने अधूनमधून डाग पडत, वैताग येई; दोनदा वाटले, काढूनच टाकले असते तर बरे झाले असते. हळूहळू पाळी अगदी थोडी झाली. थायरॉइडची गोळी सुरू झाली, लोहाच्या गोळ्यांनी हिमोग्लोबिन बारावर आले. आमच्या डॉक्टरीणबाईंकडे मी पेढे घेऊन गेले. त्यांनी मिरजेचे कागद पूर्ण वाचले आणि म्हणाल्या, "तुकडा तपासायला मीच पाठवायला हवा होता." एवढे बोलणारे डॉक्टर मिळायला भाग्य लागते. मी अजूनही त्यांच्याकडेच जाते.

इथपर्यंतची गोष्ट मी त्या संक्रांतीला सांगितली होती, आणि शेवटी ऐटीत म्हटले होते, "तेव्हा भगिनींनो, एका डॉक्टरने सांगितले म्हणून पिशवी काढू नका!" आता पुढची ऐका.

त्या दिवशी दुसऱ्या रांगेत आमच्या थोरल्या जाऊबाई बसल्या होत्या. वय अठ्ठावन्न, पाळी जाऊन सात वर्षे झालेली. त्यांच्या संमतीनेच मी हे सांगत आहे. "माझ्यावरून चार जणींना शहाणपण येऊ दे," असे त्याच म्हणाल्या. त्यांना महिनाभर अधूनमधून लाल डाग पडत होते. दुखत नव्हते, फार जातही नव्हते. त्या त्यांच्या डॉक्टरांकडे गेल्याही होत्या. डॉक्टरांनी सांगितले, तुकडा ताबडतोब तपासायला हवा, आणि बहुधा पिशवी काढावी लागेल. जाऊबाई घाबरल्या. नेमकी त्याच आठवड्यात माझी गोष्ट त्यांच्या कानावर पडली. त्यांनी मनाशी म्हटले, हिचे एवढे रक्त जात होते तरी हिची काढली नाही. माझे तर नुसते डाग. मग माझी कशाला?

त्यांनी दुसरे मत घेतले, तिसरे घेतले, चौथेही घेतले. पण कोणाचे? एक पुतण्या औषधांच्या दुकानात होता, त्याचे. एका बाईंनी काढा दिला, त्यांचे. एकीने उष्णता आहे म्हणून सांगितले, तिचे. जो "काही नाही" म्हणेल तो तज्ज्ञ, असा तो शोध होता. चार महिने गेले. मला कळले तेव्हा मी त्यांना मिरजेला नेले. डॉक्टरांनी ऐकून घेतले आणि पहिल्या डॉक्टरांनी सांगितले होते तेच शब्दशः सांगितले : पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर एक थेंब रक्त दिसले तरी तपासणी टाळायची नाही. दहा जणींत नऊ जणींचे कारण साधे निघते, पण सुमारे एकीला अस्तराचा कर्करोग असतो. आणि तो वेळेवर सापडला तर पिशवी काढून बहुतेक जणी बऱ्या होतात.

जाऊबाई ती दहावी निघाल्या. शस्त्रक्रिया झाली, पुढे किरणांचे उपचारही घ्यावे लागले. त्या चार महिन्यांमुळे किरण घ्यावे लागले की तसेही लागले असते, हे मी डॉक्टरांना विचारले. त्या म्हणाल्या, "ते आता कोणालाच सांगता येणार नाही." मला त्या उत्तराने सुटल्यासारखे वाटले नाही. शेवटच्या तपासणीत सारे ठीक आले आहे, आणि आज त्या पुन्हा दुसऱ्याच रांगेत बसल्या आहेत, हे माझे भाग्य.

आता आपण म्हणाल, मग विचारावे की विचारू नये? माझे उत्तर असे : विचारावे, परंतु हवे ते उत्तर शोधण्यासाठी विचारू नये. मी गेले तेव्हा माझ्याही मनात "नको" हेच उत्तर ऐकायचे होते, हे मी आज कबूल करते. माझे नशीब, की मी योग्य ठिकाणी गेले आणि उत्तर तेच निघाले. जाऊबाईंना "नको" म्हणणारे चुकीच्या ठिकाणी भेटले. आम्हा दोघींच्या मनात फरक काहीच नव्हता. दाराचा मात्र होता.

म्हणून काही गोष्टी हिशेबाने सांगते.

पहिली गोष्ट वेळेची. काही दुखण्यांत दुसऱ्या मताला सवड नसते. पाळी चुकलेली आहे आणि पोटात एकाएकी असह्य कळ येऊन घेरी येते. तासाला एक पॅड भिजू लागले आहे. पोटात अंडाशयाला पीळ पडला आहे असे डॉक्टर सांगतात. अशा वेळी जवळचे रुग्णालय गाठावे आणि ते म्हणतील ते करावे. उलट वर्षानुवर्षांची गाठ, जास्त जाणारी पाळी, अंग बाहेर येणे, यांत आठ-पंधरा दिवसांनी सहसा बिघडत नाही. कर्करोगाची शंका असेल तरीही दुसरे मत घेता येते, पण आठवड्याच्या हिशेबाने, महिन्याच्या नव्हे. सोपा उपाय असा, की पहिल्याच डॉक्टरांना विचारावे, "मला किती दिवस थांबता येईल?" आणि त्यांनी सांगितलेली तारीख दिनदर्शिकेवर लिहून ठेवावी.

दुसरी गोष्ट कागदांची. कागद आपले आहेत. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे रुग्णाने मागितल्यावर ७२ तासांत ते द्यावे लागतात. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २०१८ मध्ये रुग्णहक्कांची जी सनद तयार केली, तिच्यातील १७ हक्कांत दुसरे मत घेण्याचा हक्क स्पष्ट शब्दांत आहे. म्हणजे आपण भिडेने ज्याला आगाऊपणा समजतो, तो हक्क आहे.

तिसरी गोष्ट सहीची. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका खटल्याचा निकाल दिला. चव्वेचाळीस वर्षांच्या एका अविवाहित स्त्रीला दुर्बिणीच्या तपासणीसाठी भूल दिली होती. ती बेशुद्ध असताना, बाहेर बसलेल्या तिच्या आईची संमती घेऊन तिचे गर्भाशय आणि अंडाशय काढण्यात आले. न्यायालयाने सांगितले, की तपासणीला दिलेली संमती ही शस्त्रक्रियेची संमती होत नाही. आणि जिवावर बेतलेले नसताना जाणत्या, प्रौढ स्त्रीच्या वतीने तिच्या आईलाही संमती देता येत नाही. सही आपली, म्हणून प्रश्नही आपलेच. काय काढणार, काय ठेवणार, नाही काढले तर काय होईल, दुसरा उपाय कोणता, तुकडा तपासला का, हे पाच प्रश्न कागदावर लिहून न्यावेत.

चौथी गोष्ट माणसाची. दुसरे मत म्हणजे त्या विषयात शिकलेल्या दुसऱ्या डॉक्टरांचे मत. शेजारीण, पुतण्या आणि मीसुद्धा, आम्ही त्यात येत नाही. शक्यतो दुसऱ्या दवाखान्यातले, पहिल्यांशी बांधलेले नसलेले डॉक्टर पाहावेत. खर्चाची अडचण असेल तर सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात जावे. तिथे रांग असते, एवढेच.

हे सगळे आपल्यासाठी झाले. पण ज्यांना हा प्रश्न विचारायलाच मिळत नाही, त्यांचे काय? २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार स्त्रियांची हकीकत वर्तमानपत्रांतून आली. सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणी झालेल्या सुमारे ८२ हजार स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली निघाली. त्यांत कितीतरी तिशी-पस्तिशीच्या. उसाच्या फडात न्हाणीघर नाही, विसाव्याची सोय नाही. एक दिवस खाडा झाला की मुकादम पैसे कापणार. अंगावर पांढरे जाते म्हणून गेले, तर पिशवी सडली आहे, कर्करोग होईल, असे भय घातलेले. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या दर शंभर स्त्रियांत सुमारे तिघींची पिशवी काढलेली आढळली; आंध्र प्रदेशात मात्र सुमारे नऊ जणींची. रोग काही राज्याची सीमा पाहून वाढत नाही. तेव्हा हा फरक रोगाचा नसून रिवाजाचा आहे. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सगळ्या राज्यांना बजावले, की अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्यासाठी केंद्राने केलेली मार्गदर्शक तत्त्वे तीन महिन्यांच्या आत स्वीकारा.

आणि तरीही सगळे डॉक्टर पिशवी काढायलाच बसले आहेत, असा समज घेऊन कोणी घरी जाऊ नये. याच मातीतले डॉ. वि. ना. शिरोडकर आणि डॉ. पुरंदरे यांनी, तरुण स्त्रियांचे अंग बाहेर येत असे तेव्हा गर्भाशय न काढता ते वर बांधून ठेवण्याच्या शस्त्रक्रिया बसवल्या. शिरोडकरांचा टाका, ज्याने अवेळी निसटणारा गर्भ राखला जातो, तो जगभर त्यांच्याच नावाने ओळखला जातो. काढण्याइतकेच राखण्याचेही शास्त्र आहे. आपल्याला दोन्हींची गरज पडते. माझ्या घरात एकीला राखण्याची पडली, एकीला काढण्याची.

शेवटी मंडळाला एक विनंती. मी सही न करता उठू शकले, कारण शेजारी लेक होती. जाऊबाई एकट्या गेल्या होत्या. भीती आणि लाज एकट्या बाईला लवकर गाठतात. आपल्या मंडळात भजनाला सोबत आहे, सहलीला सोबत आहे. दवाखान्याला का असू नये? जिला हवे असेल तिच्याबरोबर मंडळातल्या एकीने जावे. सल्ला द्यायचा नाही, आपली गोष्ट सांगायची नाही. प्रश्नांचा कागद हातात धरायचा, डॉक्टर सांगतील ते लिहून घ्यायचे, आणि तिथे ऐकलेले तिथेच ठेवायचे. पहिली दोन नावे मी चिटणीसबाईंकडे दिली आहेत. एक माझे. दुसरे जाऊबाईंचे, ते त्यांनी स्वतःच लिहून दिले.